रिद्वानमामाचं वाळवण

आमच्या कुशदेरे गावात रिद्वानमामाचं नाव निघालं की माणसं आधी हसतात आणि मग म्हणतात, "काय वल्ली आहे!" मला शिसारी येते. तो माझ्या आईचा सख्खा धाकटा भाऊ. लहानपणी त्याच्या खांद्यावर बसून मी उन्हाळी कुरणांवर गेले आहे, त्याने खिशातून काढून दिलेले अक्रोड खाल्ले आहेत. हे सगळं खरं आहे. तरी शिसारी येते, आणि ती मी आता लपवतही नाही.

मामाचे वडील, म्हणजे माझे आजोबा, ओंडका घरंगळून त्याखाली गेले तेव्हा मामा मिसरूडही न फुटलेला पोर होता. घरात खाणारी तोंडं बरीच आणि कमावणारं कुणी नाही, म्हणून त्याला छपराच्या फळ्या फाडणाऱ्या एका म्हाताऱ्याच्या हाताखाली घातलं. तेव्हा आमच्याकडे कौलं नव्हती आणि पत्राही नव्हता. घरावर, गोठ्यावर, मशिदीवर सगळीकडे लादिनच्या पातळ फळ्या असत. करवत लावायची नाही, पातं ठोकून झाडाच्या रेषेतूनच फाडायची. तशी फळी पाणी पीत नाही. मामाचा हात त्या कामात बसला आणि पंचक्रोशीत त्याच्यासारखा फळी फाडणारा राहिला नाही. माझ्या वडिलांच्या घराचं छप्पर त्यानेच केलं. त्याच्या हाताला मी नावं ठेवत नाही, हाताला जी सवय लागली तिला ठेवते.

लादिन म्हणजे स्प्रूस. पण लादिन हे नाव सहसा सरकारी माणसंच घेतात. आमच्या लेखी ज्याला सुया ते सगळं चीड. फरचे शंकू फांदीवर ताठ बसतात आणि लादिनचे खाली लोंबतात, हे शेळ्या राखणाऱ्या पोरींनाही कळतं, पण म्हणायचं ते चीडच. आणि झाड इतकं उदंड की त्याची किंमत कुणाला असणार? डोळे उघडले की समोर तेच, उतारामागून उतार, धुक्यात बुडालेले.

मग कायदा आला. जिवंत झाडाला कुऱ्हाड लावायची नाही. जे उभ्या उभ्या आपोआप वाळलं असेल त्यासाठी अर्ज करायचा, रानरक्षक येऊन बुंध्यावर हातोड्याचा शिक्का मारणार, मगच तोडायचं. गावाने महिनाभर सरकारला शिव्या घातल्या. मामाने घातल्या नाहीत. तो एकटाच शांत होता, कारण त्याला कायद्यातला "आपोआप" हा शब्द फार आवडला होता.

त्याची रीत अशी. हवं ते झाड हेरायचं. बुंध्याशी जिथे शेवाळ असतं तिथलं शेवाळ चादरीसारखं हळूच उचलायचं, खालची साल बोटभर रुंदीने सगळीकडून गोल खरवडायची आणि शेवाळ पुन्हा जसंच्या तसं थापायचं. बाहेरून कुणाला काही दिसत नाही. झाड आतल्या आत उपाशी मरत जातं. सुया पिवळ्या पडतात, गळतात, आणि एक दिवस मामा टोपी हातात घेऊन रानाच्या कचेरीत उभा राहतो.

"साहेब, वाईट बातमी आहे हो. आमच्या उतारावरचं एक जाणतं माणूस गेलं."

"कोण गेलं?"

"चीड, साहेब. चांगलं डेरेदार होतं. काय झालं कळलंच नाही बघा. बघवत नाही तिथं."

असं म्हणून तो डोळे पुसायचा. ज्याला स्वतः मारलं त्याच्यासाठी खरंखुरं पाणी काढायचा डोळ्यांतून! परतल्यावर चहाच्या दुकानात तो हा सगळा प्रसंग नकलेसकट करून दाखवी आणि दुकान गडगडून हसे. गावात या धंद्याला वाळवण म्हणू लागले. बायका घेवड्याच्या शेंगा वाळवतात, मामा झाडं वाळवतो. ज्याला लेकाच्या लग्नाआधी खोली वाढवायची, ज्याला गोठा शाकारायचा, तो लोणी नाहीतर चीजचा गोळा घेऊन मामाच्या दारात जायचा. "मामा, आमचं पण एखादं वाळवण घाला की." होय, अख्खं गाव त्याला मामाच म्हणतं.

माझी मामी मुरुव्वेत या सगळ्यात एक शब्द बोलली नाही. ती मुळातच कमी बोलणारी. लोक आणून देत ते लोणी ती बरणीत भरून ठेवी. स्वतःच्या भाकरीला मात्र तिने त्यातलं बोटभरही कधी लावलं नाही, हे मी पाहिलेलं आहे. विचारलं तर म्हणायची, "मला पचत नाही गं."

आता आडोशाबद्दल सांगायला हवं. गावाच्या डोक्यावर जो उभा उतार आहे त्यावरच्या रानाला आम्ही आडोसा म्हणतो. तिथली काडीसुद्धा मोडायची नाही, ही आमच्यातली रीत कायद्याच्या कितीतरी आधीची. वर उघडा डोंगर आहे, हिवाळ्यात त्यावर घराएवढं उंच बर्फ साचतं, आणि ते खाली सुटलं तर मध्ये फक्त लादिन उभे आहेत. पलीकडच्या दरीतल्या लोकांनी त्यांचा आडोसा तोडून विकला. त्यांच्या जुन्या मशिदीचे दगड आता ओढ्यात आहेत आणि बायका त्यावर गालिचे धुतात. आडोशाच्या अगदी पायथ्याशी जे घर आहे ते माझं. वडिलांनी बांधलं. लोक त्यांना म्हणाले होते, इतक्या वर नको. ते म्हणाले, झाडं आहेत ना. एवढ्या भरवशावर मी त्या घरात जन्मले, नवरा इल्यासला तिथेच आणला आणि पोरी तिथूनच सासरी पाठवल्या. हिवाळ्यात वरून बर्फ सरकल्याचा आवाज येतो, धप्प, आणि थांबतो. तो थांबला की आम्ही चहा ओततो.

वाळवणासाठीही कुणी आडोशात जात नसे. मामासुद्धा नाही. तिथे कुणाच्या हातात सुरी दिसली असती तर गावानेच हात तोडला असता.

पण मामाच्या मुलाला, मेतिनला, धंदा सुचला. आखाती देशांतून उन्हाळ्यात पाहुणे येतात, त्यांना धुकं हवं असतं आणि लाकडी घरं हवी असतात. मेतिनने ओढ्याकाठी बंगल्या बांधायला घेतल्या. त्यांच्यावर जुन्या पद्धतीचं छप्पर हवं, म्हणजे पाहुणे फोटो काढतील. तशा फळ्यांना सरळ रेषेचं, गाठ नसलेलं, जुनं झाड लागतं. तसली झाडं बाकीच्या उतारांवर राहिलीच नव्हती, मामाने ती सगळी वाळवून संपवली होती. राहिली होती फक्त आडोशात.

त्याच वसंतात रानखात्याची नवी इंजिनियर आली, सेलजान नावाची. तरतरीत मुलगी, बुटांना चिखल. तिने चहाच्या दुकानात सगळ्यांना बोलावलं. बायकांनाही बोलावलं, म्हणून मी गेले. टेबलावर तिने एक काळा प्लास्टिकचा डबा ठेवला आणि झाडाच्या सालीचा तुकडा उलटा करून दाखवला. आतल्या बाजूला बोटांच्या ठशांसारखी नक्षी होती, आणि नक्षीच्या टोकांना पांढऱ्या, गुबगुबीत, आंधळ्या अळ्या वळवळत होत्या.

"हा सालीखालचा भुंगा," ती म्हणाली. "तांदळाच्या दाण्याएवढा असतो. आधी आजारी झाडात शिरतो, संख्या वाढली की धडधाकट झाडही सोडत नाही. तुमचा लादिन जगात दुसरीकडे कुठे नाही, माहिती आहे? स्प्रूसच्या तीसेक जाती आहेत, त्यात सगळ्यांत आखूड सुया याच्या. पश्चिमेला मेलेत नदी ओलांडली की हा संपतो, आणि पूर्वेला कॉकेशस उतरला की संपतो. मधल्या पट्ट्यात आपण."

"मग आता ही जात मरणार?" मुख्तार हाक्कीने, आमच्या गावच्या मुखियाने, विचारलं.

"जात नाही मरणार. ती भरपूर आहे. तुमचं रान मरेल."

मग तिने डब्यातली पुडी दाखवली. भुंगे एकमेकांना ज्या वासाने बोलावतात तो वास त्या पुडीत. वासाने ते येतात, डब्यात पडतात. डबे झाडांपासून लांब, मोकळ्यावर टांगायचे.

मामा मागे बसून चहा ढवळत होता. "म्हणजे मॅडम, वास आला की ते येणारच?"

"येणारच, काका."

"आणि झाडाजवळ टांगलं तर?"

"तर झाडात घुसतील. म्हणून तर लांब टांगायचं."

"बरोबर, बरोबर. लांबच टांगायला हवं," मामा म्हणाला आणि ढवळत राहिला. मामा चहात साखर घेत नाही.

उन्हाळा लागला तशी मी एकदा आडोशात अळंबी शोधायला गेले. आत शिरले तर एका बुंध्याशी भाजलेल्या कॉफीसारखा तांबूस भुसा पडलेला. वर पाहिलं. हाताच्या उंचीवर, फांदीच्या आड, मोकळ्यावरच्या कुठल्यातरी डब्यातून काढलेली वासाची पुडी दोरीने बांधलेली होती, आणि तिच्याभोवती सगळी साल हलत होती. एकावर एक चढलेले, तपकिरी, केसाळ, शेकडो. काही माझ्या बाहीवर बसले, एक मानेत शिरला. मी तिथेच ओकले. मग पदराने पुडी ओढून काढली आणि तशीच मामाच्या अंगणात जाऊन त्याच्या पुढ्यात टाकली.

"हे काय आहे, मामा?"

तो बाकड्यावर बसून पातं घासत होता. त्याने पाहिलं आणि हसला. लाजबीज काही नाही. "सापडली होय तुला? डोळे तुझ्या आईवर गेलेत हां."

"माझ्या घरावरचं रान आहे ते!"

"अगं, एकच झाड. फार तर दोन. सुरी लावली का मी? नाही. कुऱ्हाड लावली? नाही. रीत मोडली का सांग. भुंग्याला भूक लागली, तो जेवला. त्यात माझं काय?"

"आणि तो दोन झाडांवर थांबेल?"

"केवढंसं पोट त्याचं, नेसिबे! तांदळाचा दाणा तो. अख्खं रान खाईल होय? तू पण ना, लहानपणापासून भित्री."

मामी दारात उभी होती. तिने ती पुडी चिमट्याने उचलली, चुलीत घातली आणि आत गेली.

मी सरळ कचेरीत गेले आणि सेलजानला मामाचं नाव सांगून आले. ती लगेच आली. पुडी जळून गेलेली होती, आणि गावात कुणीही काही पाहिलेलं नव्हतं. मुख्तार म्हणाला, "वाऱ्याने उडून गेली असेल." वाऱ्याने उडाली आणि वाऱ्यानेच दोरीला गाठ मारली! वर मलाच सगळे बोलले. आपल्या मामाला सरकारात चुगली करते, दूध पिऊन उलटते. इल्याससुद्धा म्हणाला, "घरातलं घरात ठेवायचं होतंस."

तरी रान वाचलं असतं, हे सांगताना आजही माझ्या तोंडाला कडू येतं. सेलजानने भुंगा लागलेली झाडं हेरली, शिक्के मारले आणि मुख्तारला बजावलं, "आठवड्याच्या आत तोडा, आणि तिथल्या तिथे साल सोलून जाळा. आतली पिलं उडाली तर माझ्या हातात काही राहणार नाही." झाडं तोडली, कारण ती फुकट होती. पण मग वाटणीवरून भांडणं जुंपली. आडोशाचं लाकूड म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या कुणाला न मिळालेलं लाकूड! याला जाड बाजू हवी, त्याला सरळ. वाटणी होईपर्यंत ओंडक्याला हात लावायचा नाही, असं ठरलं. मी एकटी सालकाढणं घेऊन गेले तर हाक्कीच्या भावाने हात धरला. "ओरबाडून ठेवलीस तर कुठला कुणाचा ओळखणार कसा? खुणा सालीवर आहेत." रुसवे-फुगवे, मध्यस्थ, चहावर चहा. एका उबदार सकाळी ओंडक्यांवरून धूर उठल्यासारखं दिसलं. तो धूर नव्हता. पंख फुटलेले भुंगे होते, आणि ते वर आडोशात गेले.

पुढच्या उन्हाळ्यात आडोसा गंजलेल्या पत्र्यासारखा लाल झाला. सुया आमच्या अंगणात, पिण्याच्या पाण्यात, दह्यात पडत होत्या. सालीचे पापुद्रे सुटून लोंबत होते. आणि गावात काय होतं? आनंद! शिक्क्यांचा आवाज दिवसभर घुमायचा आणि लोक वाटणीच्या रांगेत उभे. ज्या रानाने पिढ्या राखल्या त्याच्या मढ्यावर ही जत्रा. मेतिनच्या बंगल्यांना छपरं चढली. मामा चहाच्या दुकानात टोपी हातात घेऊन नक्कल करायचा, "साहेब, आमच्याकडचं अख्खं खानदान गेलं हो!" आणि लोक डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायचे.

शरदात सेलजान आणखी दोन माणसांना घेऊन माझ्या दारात आली. म्हणाली, "नेसिबे ताई, हिवाळ्यात या घरात राहता येणार नाही. वर आता थांबवायला काही नाही. कागद निघालाय." शाळेजवळ जागा मिळाली, गावात ज्याला काळा उतार म्हणतात त्याच्या खाली. त्या उतारावर लादिन अजून हिरवे आहेत. वडिलांचं घर उतरवून लाकूड तिकडे न्यायचं ठरलं.

घर हलवायचं असलं की आमच्यात गाव येतं. बोलवावं लागत नाही. भांडण असो, अबोला असो, त्या दिवशी प्रत्येक घरातून एक माणूस येतो, आणि ज्याचं घर आहे त्याने सगळ्यांना पोटभर जेवू घालायचं. आले सगळे. मामाही आला, आणि छपरावर पहिला तोच चढला. स्वतःच्या हाताने बसवलेल्या फळ्या तो गाणं म्हणत सोडवत होता. "बघा, तेव्हाची फळी! अजून खणखणीत. आहे का आता असं लाकूड?" असं मला वरून ओरडून विचारत होता. मला!

मामी पहाटेच आली होती. आम्ही दोघींनी काळ्या कोबीचं सूप केलं, मक्याच्या भाकऱ्या थापल्या, लोण्यात चीज आणि मक्याचं पीठ घोटलं. दुपारी माणसं छपराचा निम्मा भाग उतरवून खाली आली आणि अंगणात गोल करून बसली. मी वाढत होते. वाढता वाढता माझ्या मनात काय आलं कोण जाणे. मी घरामागे गेले, पडलेल्या शेवटच्या ओंडक्याची साल हाताने उपटली, ताटात घातली, वर स्वच्छ फडकं झाकलं आणि ते ताट मामापुढे ठेवलं. त्याने फडकं उचललं. अळ्या वळवळत होत्या.

"जेव," मी म्हटलं. "तूच म्हणालास ना, भुंग्याला भूक लागली, तो जेवला. आता तूही जेव."

सगळे घास थांबले. मला वाटलं, आता तरी याची मान खाली जाईल. एकदा तरी. मामाने ताट जवळ ओढलं, बोटाने एक अळी उलटी केली, निरखली, आणि त्याचे डोळे मला लहानपणापासून माहीत आहेत तसे चमकले.

"अजून पांढऱ्या आहेत गं ह्या! इतक्या उशिरा?" तो म्हणाला. "हिवाळा काढतील ह्या, सालीत." आणि त्याने काळ्या उताराकडे पाहिलं, नीट, खालून वर, झाडं मोजावीत तसं. मग तो सालीचा तुकडा फडक्यात गुंडाळून त्याने कोटाच्या खिशात घातला.

अंगणातल्या प्रत्येकाने ते पाहिलं. हाक्कीने पाहिलं. कुणीतरी दही मागितलं.

मी मामाच्या खिशात हात घालून ते फडकं काढलं आणि चुलीत टाकलं. त्याच्यापुढची भाकरी उचलली, सूप उचललं. "ऊठ. माझ्या दारात तुला जेवण नाही."

भरल्या ताटावरून माणूस उठवणं आमच्यात खुनाच्या खालोखाल. मामा उठला, आणि पहिल्यांदाच हसला नाही. हाक्की म्हणाला, "थोरल्या माणसाला असं? मग आम्हालाही जेवण नको." तो उठला, त्याचा भाऊ उठला, मग एकामागून एक सगळं गाव उठलं. ताटं तशीच टाकून माणसं उतारावरून खाली गेली. छप्पर निम्मं उघडं होतं आणि वर ढग उतरत होते. इल्यास हातात रिकामी टोपली घेऊन उभा राहिला.

मी मागे वळले तर मामी बसलेली. बायकांच्या बाजूला, एकटी. तिचा नवरा वाटेवरून तिला हाका मारत होता. तिने तिकडे पाहिलं नाही. भाकरीचा तुकडा मोडला, माझ्या घरच्या बरणीतल्या लोण्यावर फिरवला, चांगलं जाड लोणी घेतलं आणि तोंडात घातला. मग रिकामी वाटी माझ्याकडे सरकवली.

"वाढ मला," ती म्हणाली. "आणि त्याच्या वाटचंही मलाच वाढ. नंतर शिडी धर, मी चढते."

मी वाढलं.